तीनशे प्रतींचं एकच गिऱ्हाईक

दातवाल्यांच्या घरी पहिल्यांदाच येणारा माणूस बैठकीच्या खोलीत शिरला की आधी गप्प व्हायचा आणि मग हसू दाबायचा. एक अख्खी भिंत जमिनीपासून छतापर्यंत सीडींनी भरलेली, आणि तीत एकही शहाण्यासारखी नाही. नकलांच्या सीडी, विनोदी कथाकथनाच्या, खोट्या बातम्यांच्या, शिंकांवर बसवलेल्या गाण्यांच्या. एकीत साठ मिनिटं माणसं नुसती हसत होती. एक पोपटाला शिव्या शिकवण्यासाठी काढलेली होती. एकीवर डोक्यात बादली घालून बसलेला गृहस्थ होता, आणि भाषा अशी की ती कोणत्या मुलखातली हे दातवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. एकूण चौदाशे बारा.

आणि या सगळ्याचा मालक कोण, तर खालमानेने चालणारा, तोंड मिटून बसणारा, सडपातळ माणूस. एका दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी एकेचाळीस वर्षं कवळ्या बनवल्या. प्लास्टरचा ठसा घ्यायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, मग गुलाबी प्लास्टिक ओतायचं, मग चाकावर पॉलिश. माणूस कधी समोर यायचा नाही. त्याचा जबडा तेवढा यायचा, कागदात गुंडाळून. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांनी अर्ध्या गावाला दात लावले, पण स्वतःचे कुणाला दाखवले नाहीत."

जुन्या बाजारातून आणलेल्या सीडीवर ओरखडे असले तर दातवाले तेही त्याच चाकावर, त्याच पेस्टने हलक्या हाताने घासून काढायचे. रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून एक सीडी ऐकायची आणि वहीत लिहायचं: कितव्या मिनिटाला हसू आलं, कुठे यायला हवं होतं पण आलं नाही, आणि का नाही. हसू म्हणजे काय, तर नाकातून एक श्वास जरा जोराने बाहेर पडायचा, एवढंच. पण त्यांचा कान पक्का होता. लांबलांबचे शौकीन त्यांना फोन करून विचारायचे, अमुक सीडी घेण्यासारखी आहे का, आणि दातवाले भीडभाड न ठेवता सांगायचे, "पहिली दहा मिनिटं घ्या, पुढे नुसती ओढाताण आहे."

मात्र चौदाशे बारांच्या पलीकडे त्या घरात आणखी दोनशे एकाहत्तर सीडी होत्या. त्या भिंतीवर नव्हत्या. मागच्या खोलीत खाटेखाली चार खोक्यांत होत्या, सगळ्या एकच, सगळ्यांवरचा चकचकीत कागद न फाडलेला. त्यांबद्दल दातवाले कुणाशी बोलत नसत.

ती सीडी त्यांच्या धाकट्या भावाची होती.

धाकट्याला सगळे नकल्या म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर त्याची नोकरी होती. दिवसभर लोकांच्या नळांचं रडगाणं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तोच नळ तोंडाने वाजवून दाखवायचा. माणसांच्या नकला कुणीही करतो, नकल्या वस्तूंच्या करायचा. त्याचा गळका नळ म्हणजे वाक्य कधीच पुरं न करणारे एक म्हातारे काका. पंखा म्हणजे दर फेरीला तेच दुखणं सांगणारी आत्या. कपाटाचं दार म्हणजे नाक मुरडणाऱ्या थोरल्या जाऊबाई. तेव्हा दोघा भावांच्या खोल्यांमध्ये एकच पातळ भिंत होती, आणि पाच महिने रोज संध्याकाळी दातवाल्यांच्या कानावर पलीकडची तालीम पडत होती.

पस्तिसाव्या वर्षी नकल्याने साठवलेले पैसे मोडले, तीन रविवार एक स्टुडिओ भाड्याने घेतला आणि सीडी काढली. नाव ठेवलं, 'नळ, पंखा आणि इतर नातेवाईक'. तीनशे प्रती. प्रत्येक प्रतीच्या आतल्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने आकडा घातला आणि सही केली. पहिली प्रत दादाला. आठवड्याने त्याने विचारलं, "ऐकलीस?"

"ऐकली. छान झालीय," दातवाले म्हणाले.

ऐकली नव्हती. भिंतीतून सगळं पाठ झालंय, घाई काय आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. वस्तुस्थिती अशी होती की ते घाबरले होते. लावली आणि बरी नसली तर? भावाच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं. न ऐकता बोलणं जमून गेलं.

नकल्याने सहा दुकानांत प्रती ठेवल्या. महिना झाला. एका शुक्रवारी कामावरून येताना दातवाले चौकातल्या संगीताच्या दुकानात डोकावले. पाचच्या पाच प्रती तिथेच, वर धुळीचा थर. दुकानदार म्हणाला, "उद्या येणार आहेत ते हिशेबाला. परत देऊन टाकतो. जागा अडते हो."

दातवाल्यांनी पाचही घेतल्या.

शनिवारी नकल्या दारातूनच ओरडत आला, "दादा! पाचही गेल्या! वहिनी, ऐकलंत? कोण माणसं असतील हो ती?" त्या दिवशी त्याचा चेहरा असा होता की दातवाल्यांच्या बायकोने तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. तिने सकाळीच खाटेखाली केर काढला होता.

मग थांबायची सोय राहिली नाही. पाच गेल्या म्हणून दुकानदाराने आणखी दहा मागितल्या. त्या न्यायला नको? एका दुकानात खपते म्हटल्यावर दुसऱ्यात धूळ खात पडून कसं चालेल? दातवाले आज या दुकानात, पंधरा दिवसांनी त्या दुकानात. एकटी तीच सीडी उचलली तर संशय यायचा, म्हणून ते सोबत दुसरी एखादी विनोदी सीडी घेऊ लागले. "छंद आहे मला," असं सांगू लागले. पैसे दिलेत तर ऐकावी, म्हणून दुसरी सीडी ऐकू लागले. असं करता करता छंद खरोखरच लागला. अडीच वर्षांत भावाच्या दोनशे एकाहत्तर प्रती खाटेखाली गेल्या आणि इतरांच्या भिंतीवर चढल्या. चौकातल्या दुकानदाराला सगळं कळलं होतं. तो भला माणूस, त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं.

दादाची धरून वीस प्रती नकल्याने स्वतः ओळखीत वाटल्या होत्या. म्हणजे तीनशेतल्या नऊ, फक्त नऊ, परक्या माणसांनी पैसे देऊन नेल्या होत्या.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मायेतलं एक खोटं म्हणून सोडून देता आलं असतं. पण शेवटची प्रत 'खपली' त्याच महिन्यात एका संध्याकाळी नकल्या मिठाईचा पुडा घेऊन आला.

"उद्या राजीनामा देतोय, दादा. तीनशेच्या तीनशे गेल्या. आता खिडकीत बसून लोकांच्या मोऱ्या तुंबल्याचं ऐकत जन्म काढायचा का? आता दुसरी सीडी, कार्यक्रम, दौरे. तू काय म्हणतोस?"

दातवाल्यांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. अजून एक रात्र हातात होती. दातवाले मिठाईच्या पुड्याची दोरी सोडवत बसले. गाठ पक्की होती. सुटेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तेवढ्यात नकल्या दुसरंच काही सांगू लागला.

दुसरी सीडी कधी निघाली नाही. दुकानांची उद्घाटनं, शाळांची संमेलनं, लग्नाचे हॉल, तिथे जेवणाच्या पंगतीकडे वळणाऱ्या पाठी. स्थळं यायची आणि 'करतात काय?' या प्रश्नावर परत जायची. पुढे लोकांच्या खिशातल्या फोनमध्येच सगळे आवाज आले, मग नळ ऐकायला माणूस कशाला बोलवायचा? नकल्याने एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवण्याचं काम धरलं, आणि गोदामातल्या धुळीने गळा आणि छाती दोन्ही खाल्ली. पण तो कुढला नाही. कुणी टोचलं, "काय मिळवलंत हो एवढं करून?" तर म्हणायचा, "तीनशे घरांत आहे मी. तुम्ही किती घरांत आहात?"

हे वाक्य ऐकलं की दातवाले उठून आत जायचे.

एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी नकल्याच्या फुप्फुसांचं चित्र उजेडाला धरून दाखवलं आणि दातवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं, फार तर दोन महिने. त्यांनी भावाला घरी आणलं. मागच्या खोलीशिवाय जागा नव्हती. आदल्या दिवशी नवरा-बायकोने चारही खोकी माळ्यावर चढवली. शिडी धरून उभी असलेली बायको म्हणाली, "त्यांच्या खाटेखालून त्यांनाच काढतोय आपण. बघा, अजून वेळ आहे. सांगून टाका."

"आता? जाताना? त्याच्याकडे दुसरं आहे काय?"

"तुमच्याकडे काय आहे ते बघा आधी," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं धड झोपला नाहीत तुम्ही."

नकल्या आला तो हाडांचा सापळा होऊन, पण जीभ शाबूत. वहिनीने सूप पुढे केलं की म्हणायचा, "वहिनी, ह्यात भाजी बुडवलीत की नुसती दाखवलीत?" ती म्हणायची, "भाऊजी, जास्त बोलाल तर तेही दाखवणार नाही." खोकला आला की तो थांबेपर्यंत दोघंही नजर दुसरीकडे ठेवायचे.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी तो दादाला म्हणाला, "एक मागू का?"

"माग की."

"मला एक माणूस बघायचाय. फुकट दिलेल्यातला नको, त्यांनी तिच्यावर चहाचे कप ठेवले. माझं तोंड कधी न पाहिलेला, आपणहून दुकानात जाऊन विकत घेतलेला. इतक्या जणांनी घेतली आणि एकही मला कधी भेटला नाही, दादा. तुझी एवढी ओळख आहे सीडीवाल्यांत. एक आण. पाच मिनिटं बसेल, जाईल."

दातवाले "बघतो" म्हणाले आणि त्या दिवसापासून खरोखर कामाला लागले. नऊ माणसं या पृथ्वीवर कुठेतरी होती. त्यांनी ओळखीच्या सगळ्या शौकिनांना फोन केले, जुन्या बाजारातल्या प्रत्येक टपरीवर चिठ्ठी ठेवली. सहापैकी चार दुकानं केव्हाच बंद झाली होती, एकाच्या जागी औषधं विकत होते. तीन आठवडे गेले. एका टपरीवाल्याचा निरोप आला म्हणून ते पळत गेले, तर त्याच्याकडची प्रत बासष्ट नंबरची निघाली, नकल्यानेच कुणाला तरी 'सप्रेम भेट' लिहून दिलेली. त्यांनी तीही घेतली. सवय.

इकडे नकल्या रोज विचारायचा, "मिळाला का रे?" आणि रोज आवाज थोडा बारीक झालेला असायचा.

शेवटी दातवाले चौकात गेले. संगीताचं दुकान जाऊन तिथे आता फोनची कव्हरं मिळत होती, पण दुकानदार तोच होता. नकल्या त्याला ओळखत होता, तेव्हा तो स्वतः उपयोगाचा नव्हता. त्याचा मेहुणा होता, निवृत्त बसवाहक, बोलका गडी, दिसायला भारदस्त. त्याला घ्यायचं ठरलं. दातवाल्यांनी त्याला समोर बसवून धडा पढवला: सीडी कुठे घेतली, कशी आवडली, नळाचे काका, पंख्याची आत्या. वेष्टनाच्या मागे बारा तुकड्यांची यादी छापली होती, ती त्याच्या हातात दिली. आणि म्हणाले, "शेवटच्या तुकड्याबद्दल जरूर बोला. 'दाराची कडी'. तो सगळ्यात चांगला आहे."

हे त्यांनी मनापासून सांगितलं. भिंतीपलीकडून ऐकलेल्या तालमीत त्यांच्या काळजाला भिडलेला तो एकच तुकडा होता: म्हाताऱ्या माणसाचा थरथरता हात कडी शोधतोय, कडी खुळखुळतेय, आतून कुणीतरी म्हणतंय, आले, आले.

बायकोला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण करताय."

मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला. नकल्याने त्या दिवशी वहिनीकडून दाढी करून घेतली होती. उशांना टेकून बसला होता. मेहुण्याने दारातच हात जोडले.

"तुम्हीच का ते? अहो, काय ती सीडी! आमच्या घरात दर रविवारी लागायची. आमची म्हातारी पंखा लावायची बंद झाली, म्हणे आत्याबाई चिडतील!"

नकल्या हसला, खोकला, पुन्हा हसला. "कुठून घेतलीत?"

"चौकातल्या दुकानातून. सहज हातात घेतली. म्हटलं हे काय नाव, नळ आणि नातेवाईक! आमच्या घरी नळाला पाणी नाही आणि नातेवाईक हटत नाहीत!"

हे त्याचं स्वतःचं होतं. नकल्याला ते इतकं आवडलं की त्याने दादाकडे पाहून डोळे मिचकावले. दातवाल्यांना वाटलं, निभावलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं पहिल्यांदाच जरा हललं.

"आणि सगळ्यांत कोणता आवडला?" नकल्याने विचारलं.

"ते काय विचारणं! शेवटचा. दाराची कडी. डोळ्यांत पाणी आलं हो हसता हसता."

नकल्याचा चेहरा बदलला नाही. थोडा वेळ तो मेहुण्याकडे बघत राहिला, जसा खिडकीतून एखाद्या तक्रारीकडे बघत असेल तसा, शांतपणे. मग म्हणाला, "वहिनी, पाहुण्यांना चहा द्या. लांबून आलेत." चहा होईपर्यंत त्याने मेहुण्याला बसच्या नोकरीबद्दल विचारलं, तिकिटाचा पंच कसा वाजायचा ते तोंडाने वाजवून दाखवलं, आणि जाताना त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आलात, बरं वाटलं."

दार लागलं. दातवाले कप उचलू लागले.

"दादा, बस."

ते बसले.

"सीडीत कडी नाहीये."

"म्हणजे?"

"अकराच तुकडे आहेत. कव्हर आधी छापून आलं होतं. शेवटच्या रविवारी मी कडी काढून टाकली. आपल्या बाबांचा हात होता तो, शेवटच्या आजारपणातला. आई होती तेव्हा. म्हटलं, तिने ऐकलं तर? कव्हर पुन्हा छापायला पैसे नव्हते. ज्याने ती सीडी एकदा, एकदाच, शेवटपर्यंत लावली असेल, त्याला माहीत आहे की कडी नाही." तो श्वासासाठी थांबला. "त्या बिचाऱ्याचं सोड, त्याला तू शिकवून आणलंस, ते तो बसला तेव्हाच कळलं. त्याचं मला काही नाही. पण दादा, शिकवलंस तू. म्हणजे तूही ऐकली नाहीस."

दातवाल्यांनी कप खाली ठेवला. स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले होते.

"ऐकली नाही," ते म्हणाले.

मग ते शिडी घेऊन आले. सत्तरीला टेकलेला माणूस चार वेळा माळ्यावर चढला आणि चार खोकी एकेक करून खाली आणून खाटेजवळ ठेवली. पहिलं खोकं त्यांनी स्वतःच उघडलं. शुक्रवारच्या त्या पाच प्रतींपासून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं, मिठाईच्या पुड्याच्या संध्याकाळपर्यंत. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही. दवाखान्यात जबड्याचं माप सांगतात तसं सांगितलं.

नकल्याने एक प्रत हातात घेतली. कागद न फाडता उलटसुलट करून पाहिली. मग भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस तो बोलला नाही. वहिनीने दिलेलं प्यायचा, औषध घ्यायचा. दातवाले खोलीत आले की डोळे मिटायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने हाक मारली.

"लाव."

दातवाल्यांनी यंत्र उचलून खाटेजवळ आणलं, एका प्रतीचा कागद नखाने फाडला. पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. पस्तीस वर्षांच्या नकल्याचा भरदार आवाज खोलीत आला आणि खाटेवरचा नकल्या त्या आवाजाकडे परक्यासारखा बघू लागला. दातवाले मान खाली घालून ऐकत होते. नळ झाला. कपाट झालं. पंख्याच्या आत्याच्या तिसऱ्या फेरीला त्यांच्या नाकातून श्वास सुटला; पाचव्या फेरीला पुन्हा. नकल्याने ते पाहिलं. पंचेचाळीस मिनिटांनी सीडी थांबली. कडी नव्हती.

"आता सांग," नकल्या म्हणाला. "परक्याची असती तर काय सांगितलं असतंस, ते सांग."

दातवाल्यांनी सीडी काढून हातात घेतली. "सुरुवात लांबलीय. पहिला तुकडा अर्धा हवा होता. कपाट चांगलं आहे, पण तू स्वतःच मध्ये हसतोस. चार ते सात, हे चार नुसते आवाज आहेत, त्यांत माणूस नाही. पंखा मात्र पहिल्या दर्जाचा आहे. माझ्याकडे त्या तोडीचे चारच असतील. चौदाशेत."

"एक तुकडा चांगला. एकावर नोकरी सोडू नये माणसाने."

"नाही."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं. तू नकलाच सोडल्या असत्यास."

"नाही रे," नकल्या म्हणाला. "नोकरी सोडली नसती. संध्याकाळी केल्या असत्या नकला. तशाही संध्याकाळीच करत होतो."

त्यात राग नव्हता, आणि तेच दातवाल्यांना सोसलं नाही. त्यांनी खाटेच्या कडेला कपाळ टेकवलं. नकल्याने हात त्यांच्या डोक्यावर ठेवला नाही. तो सीडीचा चुरगळलेला कागद सरळ करत बसला.

पण त्यानंतर तो बोलू लागला. रोज सकाळी चहाच्या वेळी सीडी लावायला लावायचा आणि म्हणायचा, "आज काय सापडलं?" दातवाले एखादी जागा दाखवायचे: इथे अर्धा श्वास थांबायला हवं होतं, इथे शब्द जास्त झाले. नकल्या कधी भांडायचा, कधी "खरं आहे" म्हणायचा. एकदा त्याने फुटक्या आवाजात ती जागा पुन्हा करून दाखवली आणि ती बरोबर आली. वहिनी दारातून म्हणाली, "पंचवीस वर्षं उशीर झाला, पण दोघं भाऊ कामाला तरी लागले."

एका सकाळी दातवाल्यांनी उलट विचारलं. इतके दिवस ओठांवर होतं ते. "त्या संध्याकाळी मी बोललो असतो, तर तू ऐकलं असतंस का?"

नकल्याने घशात एक बारीकसा आवाज काढला. कुणीतरी बोलायला म्हणून घसा साफ करायला घेतो, आणि मध्येच आवरतो, तसा. दातवाल्यांना तो ओळखायला वेळ लागला नाही. जन्मभर घरातल्या प्रत्येक वस्तूची नक्कल केलेल्या भावाने थोरल्या भावाची नक्कल कधी केली नव्हती.

"मिठाईची दोरी सोडवताना केलास तू हा," नकल्या म्हणाला. "ऐकला मी तो. मला कळलं, दादा काहीतरी म्हणतोय. म्हणून तर मी घाईघाईने दुसरं बोलायला लागलो."

दातवाल्यांनी हात लांबवून यंत्र बंद केलं.

"मला तरी कुठे ऐकायचं होतं?" तो म्हणाला, आणि दमून डोळे मिटले.

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, वहिनी उशी बदलत असताना तो गेला.

भेटायला माणसं येत राहिली. चौथ्या दिवशी शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त मुख्य कारकून आले, सोबत पत्नी. खुर्चीत बसून त्यांनी हळहळ व्यक्त केली. "मोठे कलावंत होते हो तुमचे बंधू. काय ती सीडी काढली होती त्यांनी! अशी पुन्हा होणे नाही."

"ऐकलीत?" दातवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे... ऐकून आहोत ना. सगळे म्हणतात."

दातवाले उठले, आतून एक प्रत घेऊन आले. कागद काढला. यंत्र मधल्या टेबलावर आणून ठेवलं. मुख्य कारकुनांच्या पत्नीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने घड्याळाकडे.

"बसा," दातवाले म्हणाले. "पंचेचाळीस मिनिटांची आहे. सुरुवात जरा लांबलीय, पण उठू नका."